पहिली फुंकर

फुंकणी सिमेंटच्या जमिनीवर खणखणत पडली आणि मागच्या स्वयंपाकघरातली शांतता मोडली. दारात बसून नारळाचा चव तोंडात टाकणारी कुंतीची लेक रीता दचकली.

"आयो! काय पडलं?" आईनं अंगणातून विचारलं.

"काही नाही. हात ओले होते," इंद्राणी म्हणाली.

कुंतीनं ताईच्या हातांकडे पाहिलं. ते कोरडे होते.

घरात गॅस होता. पण गणपतीचे मोदक आई मागच्या चुलीवरच उकडायची, आणि त्या चुलीला पहिली फुंकर थोरल्या लेकीची असायची. इंद्राणी नर्सिंगसाठी लंडनला गेल्यापासून ती कुंतीच घालत आली होती. दर वर्षी आई देवाला सांगायची, चालवून घे रे बाबा, थोरली लांब आहे. यंदा थोरली आली, पण परतीचं विमान नेमकं चतुर्थीच्या आदल्या दिवशीचं. म्हणून आईनं चूल आजच पेटवायला काढली होती. निखारा उद्यापर्यंत राखेत झाकून ठेवू, म्हणाली.

रजा संपते, एवढंच इंद्राणी सांगत राहिली. कुंतीला ते पटलं नव्हतं. विमानतळावर तिनं धावत जाऊन मिठी मारली, तेव्हा ताईच्या ओठाची कडसुद्धा हलली नव्हती. ग्रां बुआ गावच्या बायका तर दोघींना शेजारी उभं करून हसल्या होत्या, थोरली कोण नि धाकटी कोण? ताईच्या तोंडाभोवती एक रेघ नव्हती. लंडननं हिला गुळगुळीत केलं आणि कोरडंही, असं कुंतीनं तेव्हाच ठरवून टाकलं.

इंद्राणीनं पुन्हा फुंकणी ओठांना लावली. गाल फुगले, आणि डाव्या कडेनं वारा फुस्सकन निसटला. काटक्या निखाऱ्यावर तशाच राहिल्या.

"बटणं दाबून दाबून दम संपला वाटतं मडमेचा!" दारातून डोकावत आई हसली आणि हळदीची पानं तोडायला मागे गेली.

कुंती ताईजवळ खाली बसली.

"ताई, तोंडाला काय झालंय?"

"इंजेक्शनं घेते." इंद्राणी काटक्या उगाच सारख्या करत राहिली. "गालात, ओठाच्या कडेला, हनुवटीपाशी. चार वर्षं झाली. स्नायू झोपतो, मग ते होत नाही."

'ते' म्हणजे काय, हे कुंतीला सांगावं लागलं नाही. ताईचा डावा गाल आपोआप फडफडायचा, तोंड एकीकडे ओढलं जायचं. सें पिएर गावचं स्थळ चहा पिऊन उठून गेलं होतं. देवळात पोरं मागून वेडावायची. आरतीला ताई पदर गालावर धरून उभी राहायची.

"सुरकुत्या फुकटात गेल्या," इंद्राणी म्हणाली. "हसूही त्यांच्याबरोबर गेलं. विमानतळावर तुला बघून मी हसत होते गं. तुला दिसलं नसेल."

कुंतीनं पिठाचे हात पदराला पुसले. पुन्हा पुसले.

"मग राहा ना उद्या."

"असर तीन-चार महिनेच टिकतो. आता उतरायला लागलाय. उद्या देवळात सगळा गाव असेल, कुंते."

कुंतीनं फुंकणी उचलली, पुसली, ताईच्या ओठांशी धरली. मग ओठाच्या त्या सुटलेल्या कडेवर आपलं बोट ठेवून दाबलं.

"आता घाल."

वारा सरळ गेला. फिलाओच्या झाडाच्या काटक्या तडतडल्या, धूर झाला, मग जाळ वर आला.

कुंतीच्या बोटाखाली काहीतरी फडफडलं. थांबलं. पुन्हा फडफडलं. तिनं बोट काढलं नाही. इंद्राणीनं तिच्याकडे पाहिलं, पण तोंड फिरवलं नाही.

रस्त्यावर हॉर्न वाजला. देवराजची टॅक्सी विमानतळावर न्यायला आली होती.

इंद्राणी जाळाकडे बघत राहिली.

"रीता," ती म्हणाली, "देवराजमामाला सांग, मावशी आज येत नाही. आणि म्हणावं, उद्या मोदक खायला ये."

रीता धावत गेली, धावत परत आली. मावशीसमोर उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. धुरानं मावशीचे डोळे वाहत होते, ओठाची कड उडत होती, आणि कुंतीचं पिठाळलेलं बोट अजून तिच्या गालावर होतं.

रीतानं कुंतीचा पदर ओढला.

"आई, मावशी हसतेय की रडतेय?"