कानात विचारलेले प्रश्न

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, पण मित्रांनो, आयुष्यात एकही गाणे मी वाजवले नाही. मी फक्त प्रश्न विचारले, आणि तेही असे, की घरात निघाले तर मोठी माणसे चटकन पाणी प्यायला उठतात. या कामाचा मला फार अभिमान आहे.

आरोग्य खात्याने मला घेतले आणि सर्वेक्षण करणाऱ्या एका बाईंच्या हवाली केले. तेव्हा शहरात एचआयव्हीची लागण वाढत होती. शरीरसंबंधात लोक काळजी घेतात का, घेत नसतील तर त्यांचे कुठे अडते, हे कळल्याशिवाय उपाय कसा करणार? पण समोरासमोर विचारले की माणसे जमिनीकडे बघत. म्हणून प्रश्न माझ्यात भरले. हेडफोनमधून ते एकालाच ऐकू येत. उत्तराच्या कागदावर नाव नसे. ‘हो’ला गोल, ‘नाही’ला फुली, एवढेच.

पहिल्यांदा माझ्यात खात्याच्या साहेबांचा भारदस्त आवाज होता. “तुम्ही दर वेळी कंडोम वापरता ना?” ट्रकच्या डेपोत, ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत मी हे शंभर जणांना विचारले. शंभर गोल आले. साहेब खूश झाले.

बाई मात्र मला घरी घेऊन आल्या आणि कागद पसरून डोक्याला हात लावून बसल्या. “शंभरच्या शंभर शहाणे? मग दवाखान्यात रांग कुणाची लागते?” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेजारच्या खोलीतून त्यांच्या सासूबाई आल्या. त्यांनी हेडफोन कानाला लावला. बाई लाजून लाल झाल्या, पण म्हातारीने शांतपणे सगळे ऐकून घेतले.

“अगं, तो ‘ना’ काढ आधी,” त्या म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांना मी रोज विचारायचे, औषध घेतलं ना? रोज हो म्हणायचे. गोळ्या सगळ्या उशीच्या अभ्र्यात सापडल्या!”

बाई खूप हसल्या. मग दार लावून त्यांनी स्वतःच्या आवाजात प्रश्न पुन्हा भरला. “घाईत, नशेत किंवा जवळ नसल्यामुळे बरेच जण कंडोम वापरत नाहीत. गेल्या महिन्यात तुमचं असं झालं का?” त्यापुढे आणखी एक प्रश्न होता, “कशामुळे अडलं?” त्याची कारणे मी एकेक करून सांगायचो. पटेल त्या कारणापुढे गोल करायचा.

आम्ही पुन्हा डेपोत गेलो. सगळे ज्याला मिशीवाला म्हणत, त्या ड्रायव्हरने मला तीनदा मागे फिरवून ऐकले.

“बाई, हे आमच्या डेपोच्या साहेबांच्या कानावर नाही ना जाणार?”

“नाव कुठे लिहिलंय तुम्ही?”

त्याने पेन्सिल उचलली आणि ठसठशीत गोल काढला.

या वेळी निम्म्याहून जास्त जणांचा गोल होता. कारणेही कळली. कंडोम डेपोच्या व्यवस्थापकांच्या कपाटात कुलपात असत. मागायला गेले की चारचौघांत टोमणे. शिवाय ट्रक परत येईपर्यंत एचआयव्हीचे तपासणी केंद्रही बंद झालेले असे.

व्यवस्थापक तरातरा आले. “कुणी काय लिहिलंय दाखवा मला. एकेकाला सरळ करतो!”

बाईंनी कागदांवर हात ठेवला. “नावं नाहीतच यात. असती तरी दिली नसती. तुम्ही फक्त कपाटाची किल्ली द्या.”

खोलीतले सगळे ड्रायव्हर बघत होते. व्यवस्थापकांनी खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर टाकली. मित्रांनो, तेव्हा माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू!

कंडोमचा खोका न्हाणीघराबाहेर ठेवला गेला. तपासणी केंद्र आठवड्यातून दोनदा संध्याकाळी उघडू लागले. तिथे पहिल्या आठवड्यातच मिशीवाला आला. त्याला लागण झालेली निघाली. तो बाकावर बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. मग तो म्हणाला, “बायकोला मीच सांगतो. तुम्ही फक्त सोबत या.”

बायकोला लागण नव्हती. ती आधी रडली, मग चार दिवस बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी तिने त्याच्या एचआयव्हीवरच्या गोळ्यांचा डबा डोळ्यांसमोर राहावा म्हणून आरशापाशी ठेवला. त्याने एकही दिवस चुकवला नाही. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना मुलगी झाली. तिलाही लागण नव्हती. पाच वर्षांत त्या डेपोतून नव्या लागणीची बातमी क्वचितच येऊ लागली.

आता सर्वेक्षण मोबाईलवर होते. माझा पट्टा सैल पडला आहे, आवाज ओढल्यासारखा येतो, मी कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडून असतो. खंत वाटते, नाही असे नाही. पण मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. मित्रांनो, जपायचीच असतील तर तुमच्यापाशी खरे बोलणारी माणसे जपा. त्यांना लाजवू नका आणि त्यांचे बोलणे चव्हाट्यावर आणू नका. मिशीवाल्याची मुलगी यंदा शाळेत जायला लागली आहे.