सामाईक डिरेक्टरी

पावाच्या दोन कापांमधला तो पातळ कागद तूरिडच्या बोटाला चिकटला होता, तपकिरी चीजचा गोडसर वास असलेला, आणि तो झटकून टाकायचंही तिला सुचत नव्हतं. समोर आइविंड डबा न उघडताच बसलेला. विद्यापीठाच्या सागरविभागात तो प्रबंध करतो, ती तिथली संगणकयंत्रं सांभाळते. समुद्राच्या प्रवाहांचं त्याचं संगणकावरचं गणित तीन आठवडे अखंड चालून काल दुपारी मध्येच मेलं होतं. प्रबंध द्यायला उरले बारा दिवस; पहिल्यापासून चालवायला ते पुरणारे नव्हते.

"माझंच काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "जातो आता लोफोटेनला, बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर."

"बोट लागते ना तुला?"

"तेवढीच शिक्षा."

हसायला हवं होतं... काल दुपारीच तिने सामाईक डिरेक्टरीतली एका प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती पुसली होती. विभागातली चाळीस यंत्रं – जुनी सन कंपनीची, नवी लिनक्सवाली – एकाच सर्व्हरवरचे प्रोग्रॅम वाचतात. तिथे ठेवलं की सगळ्यांना मिळतं, काढलं की सगळ्यांचं जातं. म्हणून काढण्याआधी कॉफीच्या यंत्रावर आठवडाभर चिठ्ठी लावायची, हा नियम तिचाच. काल लावली नाही. वापरतंय कोण, असं म्हणून सर्व्हरवर तेवढं पाहिलं, तिथे कुणीच नव्हतं – पण नेटवर्कच्या जाळ्यापलीकडून कोण वाचतंय हे सर्व्हरला कळत नाही, फाइल गेली की तिकडचा चालता प्रोग्रॅम कोसळतो, हे दर वर्षी नव्या मुलांना ती स्वतःच शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आणि सकाळी ती आवृत्ती बॅकअपमधून काढून गुपचूप जागच्या जागी ठेवली. आइविंडचं गणित तिच्यावरच चालत होतं, हे शरमेने अजून त्याला सांगितलं नव्हतं.

"मुदत मागून बघ."

"यंत्रांचा दोष असला तरच मिळते, आणि तसं तुझ्या सहीचं पत्र लागतं. तुला कशाला खोटं लिहायला लावू?"

"...परत चालव, होईल तेवढं. या वेळी नाही मरणार."

फार खात्रीने बोलली ती. आइविंडने मान वर केली.

"तुला कसं माहीत?"

तो चिडेल, ही भीती तिला सकाळपासून होती. पण त्याच्या डोळ्यांत नुसता विश्वास होता – तूरिडला माहीत असणारच, असा – आणि कागद बोटाभोवती गुंडाळत तिला पहिल्यांदाच मनापासून वाटलं, की याने आपला संशय घ्यावा.