जागेश्वरची लष्करी जीप

जागेश्वर परातेने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली आणि प्रत्येक रविवार तिच्याखाली पडून काढू लागला.

बायको पुष्पलता विचारायची, "लगन माह्यासंग केलं का तिच्यासंग?"

पावसाळ्यात दोघं सासू गोदूबाईला नरखेडला सोडायला निघाले, तर काळ्या मातीत जीप रुतली.

"आता पाहा, चारही चाकं कशी ओढतात!" म्हणत जागेश्वरने गिअरशेजारचा दुसरा दांडा खेचला. जीप उसळून बाहेर आली. मागे उघड्यावर बसलेली सासू मात्र खाली पडून चिखलातच राहिली.

जागेश्वर घाबरून धावला. गोदूबाई चिखल थुंकत म्हणाली, "जावईबापू, गाडी दमदार हाये! आता मी पुढं बसतो, पोरीले मागं टाका."

पुष्पलता तोंड फुगवून मागे बसली, दोन्ही हातांनी कडेची दांडी घट्ट धरून.