शिवलेला खिसा

शनिवारी दुपारी माहेरी, वडिलांच्या म्हणजे आप्पांच्या घराचा जिना चढता चढता थोरलीने नवऱ्याच्या हातावरच्या कोटाकडे एकदा नजर टाकली. आतला डावा खिसा शिवलेला होता. तो शिवलेलाच असणार, शिवला होता तिनेच, दुहेरी दोरा घेऊन, बारीक टाके घालून. पण बघायची सवय काही सुटत नव्हती. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईच्या डोळ्यांना उसवलेलं आधी दिसतं, आणि जुगारी नवऱ्याच्या बायकोला तर दुसरं काही दिसतच नाही. थोरली दोन्ही होती.

त्या खिशात पूर्वी रेसची तिकिटं असायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. माणूस शांत, हात स्थिर, कुणाशी चढ्या आवाजात बोलणं नाही. पण शनिवार-रविवार आला की घोड्यांच्या पायी होतं नव्हतं ते उधळून यायचा. एके दिवशी थोरलीचं शिलाई मशीनच गहाण गेलं. माहेरी तिने सांगितलं, दुरुस्तीला टाकलंय. पुढे सगळं बाहेर आलं तेव्हा तिच्या धाकट्या भावाने मशीन सोडवून आणलं आणि मेव्हण्याला समोर बसवून सांगितलं, "दाजी, पुन्हा एक तिकीट सापडलं, एकच, की ताई इथे राहील आणि तुम्ही तुमचा रस्ता धरायचा." धाकटा दातांचा डॉक्टर. किडलेलं ठेवायचं नाही, हा त्याचा खाक्या.

त्याच दिवशी थोरलीने खिसा शिवून टाकला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती दारात हात पुढे करायची आणि नवरा बाकीचे खिसे तिच्या तळहातावर रिकामे करायचा. वर्ष झालं. किल्ल्या, रुमाल आणि काच पुसायचं फडकं याशिवाय त्या तळहातावर काही पडलं नव्हतं.

आप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, म्हणून आईने सगळ्यांना शनिवार-रविवार राहायला बोलावलं होतं. आता गंमत अशी, की या घरातलं रेसचं वेड मुळात आप्पांचं. शनिवारी एक घोडा, रविवारी एक घोडा, त्यापुढे नाही. "मी चहात साखर घालतो, जावई साखरेत चहा घालतात," असं ते म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे. बाकी कुणाला त्यावर हसू यायचं नाही.

त्या दुपारीही टीव्हीवर घोडे रिंगणात फिरत होते, आप्पांच्या मांडीवर पेपर होता, आणि जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "जावईबापू, कोपऱ्यावर जाऊन एवढं लावून येता का?"

नवरा खुर्चीतून अर्धा उठला होता, तो पुन्हा बसला. त्याचे कान लाल झाले होते. "मी नाही, आप्पा," तो म्हणाला.

"अरे हो. विसरलोच. मग मीच जातो." आप्पा काठी चाचपू लागले.

"या गुडघ्याने?" आई कडाडली. "फोनवर लावा की. सगळं जग लावतं."

"फोनवर लावलेला घोडा मला पळताना दिसत नाही."

"मी जाते," थोरली म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "तू नको जाऊस."

"का? मी काय तुमच्यासारखी आहे?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण शब्द काही परत आत जात नाही. नवऱ्याने पायाखालच्या सतरंजीकडे बघत नुसती मान हलवली, आणि थोरली चपला घालून निघाली.

कोपऱ्यावरचं बेटिंगचं दुकान तिने आजवर बाहेरूनच पाहिलं होतं, तेही दात-ओठ खात. आत काहीतरी भयंकर असेल असं तिला वाटायचं. होते नुसते दहा-बारा लोक, भिंतीवर टीव्ही, उभ्यानेच लिहायला एक लांब फळी आणि काचेमागे स्वेटर विणत बसलेली एक बाई. विणकाम बघून थोरलीला बरंच वाटलं. तिने आप्पांचा घोडा सांगितला, बाईने सुया बाजूला ठेवून तिकीट दिलं. काम झालं. आता घरी जायचं.

पण टीव्हीवर आधीच्या शर्यतीचे घोडे यायला लागले होते. त्यांत एक बुटकी तपकिरी घोडी कान पुढे करून चालत होती, जणू तिला कुणीतरी हाक मारली आहे. ही येणार, थोरलीला वाटलं. कशावरून वाटलं ते देव जाणे. ती दाराशीच थांबली. घोडे सुटले, वळणावर ती घोडी सगळ्यांच्या मागे पडली, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात एकेकाला मागे टाकत पहिली आली.

मी म्हटलं होतं! पण म्हटलं होतं मनात. मनातल्याला कोण विचारतो? रस्ताभर तिला वाटत राहिलं, की आपल्या हक्काची वस्तू कुणीतरी हातातून काढून घेतली. एक पैसाही गेला नव्हता, तरी लुटल्यासारखी ती घरी आली.

"उशीर झाला," आई म्हणाली.

"गर्दी होती."

हे खोटं इतकं अलगद निघालं, की तिची तिलाच शंका आली. नवरा खिडकीशी बसून आईच्या चष्म्याची दांडी बसवत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "शर्यत बघितलीस?"

"छे."

आप्पांचा घोडा चौथा आला. आप्पांनी पेपर घडी करून ठेवला आणि ते जेवायला काय आहे विचारू लागले. हे कसं जमतं यांना, असं थोरलीला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला भीतीही वाटली.

रविवारी धाकटा आला. आल्या आल्या त्याने आईचे दात बघितले, आप्पांचा गुडघा दाबला आणि मेव्हण्याकडे असं पाहिलं, जणू दाढ काढायची की ठेवायची याचा विचार चालू आहे. "काय दाजी, ठीक ना?" "ठीक." एवढंच दोघांचं बोलणं. पण थोरलीला अभिमान वाटला. बघ म्हणावं हवं तेवढं, माझा माणूस धुतल्या तांदळासारखा आहे.

जेवणं आटोपल्यावर आप्पा पेपर वाचता वाचता झोपले. थोरलीने तो त्यांच्या मांडीवरून उचलला. नुसता बघायला. दिवसातल्या मोठ्या शर्यतीत, यादीच्या तळाशी, एक नाव होतं: सिल्व्हर थिंबल. चांदीचं अंगुस्तान! सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर घालायची ती टोपी, तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तिचा वळ कायमचा होता. आता हे नाव तिच्यासाठी नाही, तर काय तिच्या दातांच्या डॉक्टर भावासाठी ठेवलं असेल? जिंकली तर मिळणारा भाव एवढा मोठा होता, की घोडीवर तिच्या मालकाचाही विश्वास नसावा.

आप्पा जागे झाले तशी तीच म्हणाली, "द्या आप्पा, लावून येते. आईच्या गोळ्याही आणायच्यात."

"मी येऊ का सोबत?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही? तिथे?" धाकट्याने पेपरवरून डोळे वर केले.

नवरा बसला. आणि थोरलीला हायसं वाटलं. तो तिथे जाणार नाही म्हणून नव्हे. आपल्याला एकटीला जायला मिळालं म्हणून. हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण तिने कळू दिलं नाही.

काचेमागच्या बाईचा स्वेटर आता बगलेपर्यंत आला होता. आप्पांचं तिकीट देऊन तिने विचारलं, "आणखी?" थोरलीने अस्तराच्या कापडासाठी बाजूला ठेवलेले पैसे पर्समधून काढले आणि ते काचेखालून सरकवले. सगळे. "सिल्व्हर थिंबल," ती म्हणाली.

परत येताना आप्पांचं तिकीट तिने पर्समध्ये ठेवलं आणि स्वतःचं मुठीत. दार उघडायला आईच आली. "आणल्यास गोळ्या? आण ती पर्स इकडे," म्हणून आईने पर्स हातातून घेतली आणि तिथेच उभी राहून उचकू लागली. आतून धाकट्याच्या चपला वाजल्या. थोरलीच्या शेजारी, दारामागच्या खुंटीवर, नवऱ्याचा कोट होता. तिची बोटं आपणहून अस्तराखाली गेली. वर्षानुवर्षं झडती घेऊन त्यांना ती वाट पाठ होती. नखाने दोन टाके उसवले, तिकीट आत सरकलं. या खिशात आजवर कुणी डोकावलं होतं? फक्त तीच. म्हणजे जागा सुरक्षित. शहाण्या बाईची बुद्धी कधी कधी अशी पेंड खाते.

शर्यतीला थोडा वेळ होता. आप्पांना गॅलरीत बसायचं होतं. वारा सुटला होता. "अंगावर काहीतरी घ्या," म्हणत आईने खुंटीवरचा हाताला लागला तो कोट काढला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला.

थोरली पाणी पीत होती. पेला खाली ठेवून ती पुढे झाली.

आप्पांनी चष्म्यासाठी वरचा खिसा चाचपला, मग आतला. "हे काय?" बोटांच्या चिमटीत तिकीट होतं. "माझं तर... नाही, हा माझा घोडा नाही."

धाकट्याने ते घेतलं. वाचलं. आजची तारीख. त्याने कोट उलटा करून उसवलेले टाके पाहिले, आणि तो मेव्हण्याकडे वळला. आवाज अगदी खाली आला होता. "कधी गेलात? आम्ही जेवत असताना?"

"मी कुठेही गेलो नाही," नवरा म्हणाला. त्याने कोट हातात घेतला. उसवलेल्या जागी अंगठा फिरवला. मग त्याने थोरलीकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. तिच्या नखात काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता.

तो फार वेळ थांबला नाही. "माझं आहे," तो म्हणाला.

तोच आवाज. सरळ, शांत, जरासा थकलेला. याच आवाजात त्याने तिला वर्षानुवर्षं फसवलं होतं, आणि आता तोच तिच्यासाठी वापरत होता. थोरलीला रडू फुटेल असं वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे ते. मी लावलंय."

"ताई, पुरे." धाकटा तिच्याकडे वळलासुद्धा नाही. "मशीन दुरुस्तीला टाकलंय, हेही तूच सांगत होतीस. किती पाठीशी घालशील?"

"अरे, खरंच सांगतेय! अस्तराचे पैसे होते, मी..."

"तिकीट यांच्या कोटात, खिसा यांचा, आणि लावलंस तू? आई, ताईची बॅग आतल्या खोलीत ठेव. दाजी, आपलं ठरलं होतं."

आई बॅगेपाशी जाऊन नुसती उभी राहिली. आप्पा म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो." नवरा कोटाची घडी घालू लागला.

थोरलीला ओरडून सांगायचं होतं. पण आयुष्यभर या घरात तिने एवढी खोटी बाजू मांडली होती, की खऱ्याला आता कुणी भीक घालत नव्हतं. करावं तरी काय? काचेमागच्या बाईला साक्षीला आणावं? आणि तेवढ्यात टीव्हीवर घोडे सुटले.

बघायचं नाही, तिने ठरवलं. संसार मोडायला निघालाय, आता बघायचं नाही. धाकटा बोलत होता, सामान, किल्ल्या, उद्याची गाडी. समालोचक नावं घेत होता. सिल्व्हर थिंबल सातवी. थोरलीची मान वळली. सिल्व्हर थिंबल पाचवी, कुंपणाच्या बाजूने. तिने खुर्चीची पाठ धरली. तिचे ओठ हलू लागले होते. धाकटा अजून बोलत होता, पण काय, ते तिला ऐकू येईना. तिसरी. समोर दोन घोडे, मध्ये फट, अगदी सुई जाईल एवढी.

"घाल!" थोरली ओरडली. "घाल मधून! चल, चल गं, चल!"

धाकटा वाक्याच्या मध्येच थांबला. त्याने बहिणीकडे पाहिलं. आईने पाहिलं. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा चालू शर्यतीवरून नजर काढली. थोरली पुढे झुकून मुठी आपटत होती, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, आणि डोळ्यांत अशी चमक होती, की ती आईने लेकीच्या लग्नातही पाहिली नव्हती. खोलीतला एकच माणूस टीव्हीकडे पाठ करून उभा होता, तो म्हणजे तिचा नवरा.

सिल्व्हर थिंबल मानेच्या अंतराने जिंकली.

थोरलीने टाळी वाजवली. एकच. मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले.

धाकट्याने तिकीट टेबलावर ठेवलं. "दाजी..." तो म्हणाला. आप्पांनी टीव्ही बंद केला.

नवऱ्याने अजूनही मागे वळून पाहिलं नव्हतं. "आली?" त्याने विचारलं.

थोरलीने मान डोलावली. तिला लाज वाटत होती, नवरा सुटला म्हणून आनंदही झाला होता. पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू त्यातल्या कशाचंच नव्हतं, आणि ते काही केल्या पुसलं जाईना.

"वाईट झालं," नवरा म्हणाला. "माझाही पहिला घोडा असाच आला होता."

तो तिच्याजवळ आला आणि त्याने हात पुढे केला, तळवा वर करून, ती रोज दारात करायची तसा. "दे."

काय मागतोय हा? थोरलीने टेबलाकडे पाहिलं. तिकीट तिथे नव्हतं. ते तिच्या मुठीत होतं. कधी उचललं, तिला आठवेना. तिने मूठ उघडायचा प्रयत्न केला, खरोखर केला. नवरा हात पुढे करून शांतपणे उभा होता.

"असू दे," तो म्हणाला. "मी थांबतो."