साठ दिव्यांची कल्हई

रामिझ तांबटाला या कामातून दोन मुली मिळणार होत्या. तेही सत्तरीत, म्हणून शेजारचा सुल्यो त्याला चिडवायचा. पण हे काम आणणाऱ्या, दिव्यांचे नमुने आखणाऱ्या बेलमानं शब्द दिला होता: व्हिएन्नाच्या हॉटेलचे साठ दिवे मनासारखे झाले, की कलाशाळेतल्या दोघी दोन वर्षं त्याच्या हाताखाली शिकतील. सारायेवोच्या तांबट आळीत भांडं ठोकून घडवणारा तोच उरला होता. सुल्योचे कॉफीचे संच कारखान्यातून तयार, खोक्यांतून यायचे. वीस वर्षांत शिकायला कुणी फिरकलं नव्हतं. रामिझनं मुलींच्या हाताला पेलतील अशा दोन हलक्या हातोड्याही करून ठेवल्या.

दिव्याचा घाट बेलमानं हात धुवायच्या जुन्या झारीवरून घेतला होता. नुसतं पोट, तोटी नाही, मूठ नाही.

"आतून कल्हई नको हं, काका. तांबडा उजेड पडला पाहिजे, सगळी गंमत त्यातच आहे."

रामिझनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

पण साठ पोटं फळीवर ओळीनं बसली, तसं त्याला राहवेना. कल्हईवाचून भांडं देणं म्हणजे वजूचे हातपाय न धुता नमाजाला उभं राहणं, असं बाप सांगून गेलेला. त्यानं विस्तव फुलवला, नवसागर टाकला, आणि तीन दिवसांत साठही पोटं आतून चांदीसारखी लख्ख केली. वरकामाचं काही मागणारही नव्हता.

बेलमानं एक दिवा लावून पाहिला. भिंत पांढरीफटक पडली.

"हा तर दवाखाना झाला," ती म्हणाली. "सांगितलं होतं ना काका?"

"कुणी त्यातून पाणी प्यालं तर?"

"दिव्यातून पाणी कोण पिणार?"

"तुझा जन्म कधीचा?"

"सत्त्याण्णवचा."

"मग तुला नाही कळायचं. लढाईत शहराला वेढा पडला, नळ आटले, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या बाईनं दिव्याच्या तांब्याच्या शेडमध्ये पावसाचं पाणी धरलं होतं. पोरांनी तेच कळकलेलं पाणी प्यालं."

"भोक आहे याला, वायरीचं."

"भोक बुजवता येतं."

बेलमाला हसू येईना, रडूही येईना. कल्हई उतरवायची तर पुन्हा विस्तव, तोही आधीहून कडक, आणि त्यानं वरची नक्षी काळवंडणार. हॉटेलचं उद्घाटन चार दिवसांवर.

"मुलींचं?" त्यानं विचारलं.

तिनं पिशवी उचलली.

हॉटेलचं अडलं नाही; त्यांनी काचेचे दिवे लावले. मुलींचंही नाही, त्या दुसरीकडे लागल्या. बेलमाचं वर्ष गेलं, वर तांब्याची उधारी. सुल्योनं दिवे पडत्या भावात उचलले, भोकं बुजवून साखरेची भांडी म्हणून विकले. "आतून कल्हई आहे, बिनघोर खा," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो, आणि उभ्या जन्मात एवढंच खरं सांगतो.

दाराशी शोभेला टांगायला त्यानं त्या दोन हातोड्या मागितल्या. रामिझनं देऊन टाकल्या.