वरचा थर

दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि आत्याला गादीवरून उठता येत नव्हतं.

तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, “येत नाही कशाला? अजून उठले नाहीये, एवढंच.” शब्द कुठे दुमडायचा आणि कुठे सैल सोडायचा हे तिला बरोबर कळायचं. चाळीस वर्षं तिने पडद्यांच्या दुकानात कापड बेतलं होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते खिडकीचं माप किती चुकवणार याचा तिला आधीच अंदाज यायचा. नव्या घरवाले खिडकी मोठी सांगायचे, भाड्याच्या घरातले लहान, आणि नवरा-बायको जोडीने आले की एकाच खिडकीची दोन मापं मिळायची. कोण किती बोटं खोटं बोलतंय ते मनाशी धरून आत्या तेवढं कापड जास्त सोडायची. तिचा पडदा कधी तोकडा पडला नाही.

स्वतःचं माप सांगताना मात्र तीही त्यातलीच. तीन आठवड्यांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, तेव्हा भाचीला म्हणाली, “पडले कुठे? जरा जोरात बसले.”

भाची काही दूधखुळी नव्हती. भावाची एकुलती एक लेक. भाऊ-वहिनी गेल्यापासून दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. तिने आत्याच्या कोपरावरचा जांभळा डाग पाहिला आणि शांतपणे सांगितलं, “आत्या, हे शेवटचं. पुन्हा पडलीस, नाहीतर तुझं तुला उठता-बसता येईना झालं, तर मी तुझं एक ऐकणार नाही. त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलंय.”

विचारून ठेवलंय. हे दोन शब्द आत्याच्या मनात मुक्काम ठोकून बसले. आरडाओरडा करणारी माणसं तिला भीती घालू शकत नसत, ती दमतात. पण शांतपणे विचारून ठेवणारी माणसं पुढचं पाऊलही तसंच शांतपणे टाकतात.

मग भाचीने ही गादी आणली. जुनी कापसाची मधोमध खड्डा पडून पार झोळी झाली होती, म्हणून ही नवी, लॅटेक्सची. आत तीन सुटे थर, एक मऊ, एक मध्यम, एक कडक, आणि वरून खोळ, तिला चहूबाजूंनी चेन. थरांची खालीवर अदलाबदल केली की गादी हवी तशी होते म्हणे. महिनाभर वापरून बघा, जमत नसेल तर आमचा माणूस घरी येऊन थर बदलून देईल, असं दुकानवाल्यांनी कबूल केलं होतं. तो माणूस एकदा येऊन गेला होता. आज चार वाजता पुन्हा येणार होता, आणि त्याच्याबरोबर भाचीही.

जेवण झाल्यावर आत्या जरा पाठ टेकायला म्हणून आडवी झाली होती. तासाभराने तिने कुशीवर वळायला अंग उचललं, आणि डाव्या जांघेत काहीतरी सरकलं. आवाज झाला की नुसता भास, ते तिला सांगता आलं नसतं. एक कळ कमरेपासून गुडघ्यापर्यंत अशी गेली की तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. भानावर आली तेव्हा ती पुन्हा उताणी पडली होती आणि छताकडे बघत मोठमोठ्याने श्वास घेत होती.

“गादी,” ती मोठ्याने म्हणाली. “मेली गादी रुततेय.”

तिला मनापासून तसं वाटत होतं, आणि त्यामागे दुकानातली चाळीस वर्षं होती. पडदा नीट बसत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की दुकानाचा मालक हात जोडून म्हणायचा, ठेवून जा, करून देतो. दोन दिवसांनी तोच पडदा, दोऱ्यालाही हात न लावता, फक्त इस्त्री मारून कागदात बांधून परत. गिऱ्हाईक खिडकीला लावून बघायचं आणि वर सांगायला यायचं, आता कसा झक्क बसला! तेव्हा आतल्या टेबलाशी बसून आत्या तोंडाला पदर लावून हसायची.

गादीवाला गेल्या खेपेला आला तेव्हा तिने त्याला सांगितलं होतं की गादी फार मऊ आहे, उठताना आधार मिळत नाही. ती चहा ठेवायला आत गेली, बाहेर आली तोवर चेन बंद. “कडक थर वर आणलाय, आजी,” तो म्हणाला होता. आत्याने मान डोलावली आणि मनात म्हटलं, इस्त्री मारलीस होय रे! आम्हालाच शिकवतोस! त्यानंतर रोज सकाळी उठताना डावा पाय ढिम्म हलेना, पलंगाच्या कडेला धरून पाच-पाच मिनिटं खेचाखेच करावी लागे, तेव्हा तिने खुशाल त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली होती. मऊ थर वर आहे म्हणून असं होतंय. दुसरं काही असूच शकत नाही. दुसरं काही असलं तर मग ती रिकामी खोली होती.

साडेतीन. तिने उजव्या कोपरावर जोर दिला. वरचं अंग उठलं, खालचं राहिलं. डावा पाय तिचाच होता, पण परक्याच्या घरी आल्यासारखा वागत होता; हाक मारली की ओळख दाखवेना. पुन्हा एकदा. या वेळी कळ आली ती दात शिवशिवेपर्यंत. तिच्या पाठीला घाम फुटला. फोन समोरच्या टेबलावर, सहा पावलांवर. सहा पावलं! चाळीस वर्षं ती गज घेऊन मोजत आली, पण सहा पावलं इतकी लांब असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावली. दार आपटलं. तिने कान टवकारले. नाही, दुसऱ्या कुणाकडे. भीतीलाही एक हिशेब असतो. आत्याला वेदनेची भीती एक आणा होती, पडून राहण्याची दोन आणे, आणि उरलेली सगळी भीती दाराची होती. दार उघडेल आणि भाची तिला असं बघेल.

बेल वाजली तेव्हा चारला दहा कमी होते.

“आले, आले!” आत्या ओरडली, आणि आपण काय ओरडलो ते तिला मग कळलं.

मिनिट गेलं. पुन्हा बेल. “आत्या?” भाचीचा आवाज. मग किल्ली फिरल्याचा. आत्याने दोन्ही हात पोटावर घेतले, चेहरा सरळ केला, केस मागे सारले. दोघं आत आली तेव्हा ती राजवाड्यातल्या राणीसारखी उताणी पडून छताकडे बघत होती.

“आत्या! दार का नाही उघडलंस?”

“तपासतेय,” आत्या म्हणाली.

“काय?”

“गादी. आज शेवटची खेप ना याची? मग नीट झोपून बघायला नको? उठले की समजत नाही.”

भाची दारातच थांबली. गादीवाला मागे, हातात पिशवी. पन्नाशीचा, जाडसर, पायातले बूट दाराशी काढून आलेला माणूस. त्याने एकदा आत्याकडे आणि एकदा भाचीकडे पाहिलं आणि बोलायचं ते गिळलं. लोकांच्या झोपायच्या खोल्यांत रोज जाणाऱ्या माणसाला न बोलण्याची सवय लागते.

“मग? काय म्हणते गादी?” त्याने विचारलं.

“रुततेय. तुम्ही मागच्या वेळी काही केलंच नाहीत.”

“केलं की, आजी. कडक वर घातला.”

“हो, हो. मीही दुकानात काम केलंय म्हटलं. नुसती चेन उघडायची आणि लावायची, गिऱ्हाईक खूश.”

भाची कपाळावर हात मारून म्हणाली, “आत्या, अगं काय बोलतेस!” पण गादीवाल्याला राग आला नाही. तो हसला. “तसं करणारे आहेत, नाही असं नाही. उठा तुम्ही, समोर उघडून दाखवतो.”

उठा. एवढासा शब्द.

“मी कशाला उठू? पायाशी उघडा. कोपरा वर करा. मला इथून दिसतं.”

“तुमच्यासकट?”

“माझं काय वजन आहे!”

“आत्या, ऊठ ना दोन मिनिटं,” भाची म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. आत्याने तो बदल ओळखला आणि तिकडे बघायचं टाळलं.

“उघडा हो तुम्ही,” ती गादीवाल्याला म्हणाली. “बघू तुमचा खरेपणा.”

तो पायाशी गुडघ्यांवर बसला. चेन ओढल्याचा लांबलचक आवाज झाला. रबराचा किंचित गोडूस वास आला. त्याने खोळ मागे दुमडली आणि थरांचे कोपरे एकेक करून मोकळे केले; ते एकमेकांना चिकटले होते, सोडवताना चर्र वाजले. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर शाईने शब्द लिहिलेला होता. त्याने वरचा कोपरा आत्याला दिसेल असा उंच धरला.

कडक.

“मधे मध्यम. सगळ्यात खाली मऊ,” तो म्हणाला. “यापेक्षा कडक आमच्याकडे नाही, आजी. यापुढे फरशी.”

आत्या त्या शब्दाकडे बघत राहिली. तिला वाटलं, शाई पुसली जाईल, खालून दुसरं अक्षर निघेल. तिने तळवा बाजूला टेकून दाबला. बोटं रुतली नाहीत. इतके दिवस ती रोज सकाळी याच पाटावर झोपून, मऊ गादीला शिव्या देत होती. ज्या माणसाने सांगितलं तसंच केलं, त्याच्या अंगावर तिने आपल्या मालकाची लबाडी चढवली होती. आता ती लबाडी उतरली आणि खाली काय उरलं ते तिच्या डाव्या जांघेत ठणकत होतं.

तिने तळवा गादीवरून उचलून घेतला.

गादीवाला कोपरा खाली ठेवता ठेवता थांबला. तो तिच्या पावलांकडे बघत होता. इतकी वर्षं तो लोकांना आडवं झोपवून पाठीखाली कुठे पोकळी राहते, टाचा कशा टेकतात ते बघत आला होता.

“आजी,” त्याने हळू विचारलं, “डावं पाऊल नेहमी असंच असतं का? बाहेर वळलेलं?”

भाचीने पाहिलं. उजवं पाऊल छताकडे होतं. डावं बाजूला कलंडलेलं, आणि टाच उजवीपेक्षा दोन बोटं वर. ती पलंगाजवळ आली, वाकली, आणि आत्याच्या चादरीची कड मुठीत धरून उभी राहिली. आत्याने तिला असं घाबरलेलं एकदाच पाहिलं होतं, वहिनी गेली त्या दिवशी, भाचीच्या चौदाव्या वर्षी.

“पायाला हात लावू नका,” गादीवाला म्हणाला. “उठवूही नका. ॲम्ब्युलन्स बोलवा.”

भाचीने फोन केला. पत्ता सांगताना मजला चुकला, मग दुरुस्त केला. फोन ठेवून ती आत्याच्या उशाशी बसली.

“किती दिवस?”

“काय किती दिवस?”

“आत्या!”

आत्याने तोंड उघडलं. आजच, असं सांगायला तिची जीभ तयार होती. बेतून, शिवून, इस्त्री केलेलं उत्तर होतं. पण भाचीच्या मुठीत चादर पिळवटत होती.

“पडले तेव्हापासून,” ती म्हणाली. “रोज दुखतंय. पहिल्यांदा थोडं, मग जास्त. आज हलवताच येत नाहीये.” आणि मग, एवढं सांगितलंच आहे तर, “मला फार भीती वाटतेय गं. त्या खोलीत नको ठेवूस मला.”

भाची रडली नाही. चिडलीही नाही, आत्याला ते चाललं असतं. ती म्हणाली, “दुखतं म्हणाली असतीस तर दुसऱ्याच दिवशी हाडाचा फोटो काढला असता. खोलीचं मी भीती घालायला बोललेले. तुला कसं थांबवायचं तेच कळत नव्हतं मला.”

“म्हणजे विचारून नव्हतं ठेवलंस?”

“ठेवलं होतं.”

“बघ!”

“आता काय होईल ते मला माहीत नाही, आत्या. खोटं कशाला सांगू? ऑपरेशन होईल बहुतेक. मग माझ्याकडे. पुढचं पुढे.”

पुढचं पुढे. यात किती कापड जास्त धरलंय ते आत्याला मोजता येईना. तिने भाचीचा हात शोधला. तो तिच्या हाताइतकाच गार होता.

गादीवाल्याने चेन अर्धीच लावली होती. पुरी लावायला पलंग हलला असता. तो पिशवी उचलून दाराशी गेला, बूट हातात घेतले आणि घुटमळला. “ऑपरेशननंतर ही अशी चालणार नाही,” तो म्हणाला. “पार फळीसारखी टोचेल त्यांना. मध्यम वर घ्यावा लागेल, आणि पलंग चार बोटं उंच करायला हवा, म्हणजे उठताना गुडघा फार वाकत नाही. महिना संपला तरी मी येऊन करून देईन. कुठल्या पत्त्यावर ते तेवढं कळवा.”

खालून ॲम्ब्युलन्सचा आवाज येऊ लागला होता, अजून लांब, कोपऱ्यापलीकडे. आत्याने डोळे मिटून घेतले. तिला भाचीचं उत्तर ऐकायचं होतं आणि ऐकायचं नव्हतं.

“पत्ता कशाला?” भाची म्हणाली. “हे घर बघितलंय ना तुम्ही? फोन नंबर द्या तुमचा.”

त्याने आकडे सांगितले. भाची ते एकेक करून दाबत होती, आणि एक आकडा तिच्याकडून दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत्यानेच, डोळे न उघडता, तो तिला पुन्हा सांगितला.