ठिणगीला उशीर

मित्रांनो, बॉनेट उचललंत की आधी तापलेल्या तेलाचा वास येईल आणि मग मी दिसेन. एका जुन्या गाडीचं मी इंजिन. चावी फिरली की माझ्या पोटात जी धावपळ सुरू होते, ती चावी निघेपर्यंत थांबत नाही. स्वस्थ बसणं माझ्या नशिबीच नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मात्र मी शहाणा होतो. घरातले आजोबा मला सुरू करायचे आणि मी गरम होईपर्यंत वर्तमानपत्र वाचत बसायचे. घाई त्यांनाही नव्हती, मलाही नव्हती. मग त्यांची नजर अधू झाली आणि गाडी धाकट्या मुलाच्या हाती आली. त्याला वेगाचं वेड. मला हवा आणि पेट्रोल कालवून भरवतो तो कार्बोरेटर. धाकट्याने जुना काढून चांगला दांडगा बसवला. सायलेन्सरही रुंद केला. मी गुरगुरायला लागलो. गल्लीतली पोरं वळून बघायची. खोटं कशाला सांगू, मला शेपूट असती तर मी ती हलवली असती!

पण त्याच सुमारास मला एक खोड जडली. एकदम पाय दाबला की मी अडखळायचो, घास घशात अडकावा तसा. कधीकधी तर बंदच पडायचो.

याच गाडीतून घरची थोरली सून आपल्या लेकीला पाळणाघरात सोडायची. लेक इवलीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. वाटेत एक मोठा रस्ता आडवा होता, सिग्नल नसलेला. एका सकाळी ऐन मध्यावर मी बंद पडलो. बाजूने ट्रक येत होता. सुनेने चावी पुन्हा पुन्हा फिरवली, पण मी काही सुरू होईना. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि दारापासून हातभर अंतरावर तो थांबला.

"आई, गाडी झोपली?" मागून मुंगीने विचारलं.

घरी आल्यावर सुनेने चप्पलही काढली नाही. "भावोजी, ही गाडी एक तर धड होईल, नाहीतर दारातून जाईल. लेकीला घेऊन मी पुन्हा त्या रस्त्यात अडकणार नाही."

"वहिनी, तुम्ही एकदम पाय दाबता. त्याला लाडीगोडीने घ्यायचं असतं."

"समोर ट्रक असताना लाडीगोडी?"

"भुकेलंय हो ते. थोडा मोठा जेट टाकतो, बघा कसं पळतं!"

जेट म्हणजे पेट्रोल ज्यातून येतं तो बारीक भोकाचा पितळी तुकडा. मी अडखळलो की हा मोठा जेट टाकायचा. मी आणखी अडखळायचो, हा आणखी मोठा टाकायचा. माझा धूर काळा झाला. उभ्या जागी मी असा थरथरायचो की आरशातलं चित्रसुद्धा हलायचं.

"प्रत्येक रडणं भुकेचं नसतं, भावोजी," वहिनी म्हणाली. "मुंगी तान्ही असताना मीही तेच करायची. रडली की पाज, रडली की पाज. पोट दुखत होतं बिचारीचं! उद्या मिस्त्रींकडे चला. मीही येणार."

मिस्त्री म्हणजे तोंडाचा पट्टा. माझे ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढले, तर त्यांच्यावर काजळी!

"अहो, याला अजीर्ण झालंय! कोण भरवतं एवढं?"

धाकटा चपलेचा अंगठा बघू लागला. मिस्त्रींनी लहान जेट बसवला आणि हात झटकले. "न्या. वाऱ्यासारखी पळेल."

वहिनीने तिथेच पाय दाबून पाहिला. मी अडखळलो.

"अरेच्चा!" मिस्त्री म्हणाले.

"काका, अर्धवट बरं झालेलं मूल मी घरी नेत नाही," असं म्हणून ती मुंगीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसली ती बसलीच.

मग मिस्त्रींनी मला बंद करून माझ्या तोंडाशी असलेल्या पट्ट्याच्या चाकावर खडूची खूण केली, मला पुन्हा सुरू केलं आणि एक दिवा आणला. माझी ठिणगी पडली की तो लुकलुकतो. त्याच्या उजेडात ती खूण जागच्या जागी उभी दिसू लागली.

"थांबलं!" मुंगी ओरडली. आणि मी तर जीव तोडून धावत होतो!

मिस्त्रींनी वेग वाढवला. खूण हलली नाही. आणखी वाढवला. तरी नाही.

"सापडला चोर! वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, खूण सरकायला हवी. याची ठिणगी आपली जुन्याच वेळेला येते. म्हणजे उशिरा."

त्यांनी ठिणगी वाटणारी डबी उघडली. वेगाबरोबर बाहेर फाकणारी दोन छोटी वजनं आत गंजून चिकटून बसली होती.

"पण मी तर सगळं नवं घातलं!" धाकटा म्हणाला.

"चकचकीत तेवढं नवं घातलंस. ही कधी उघडलीस?"

फडकं घेऊन धाकट्याने स्वतः गंज घासला आणि तेलाचा थेंब सोडला. मिस्त्रींनी डबी किंचित फिरवून ठिणगीची वेळ जुळवली. वेग वाढवला, आणि खूण सरकली! माझ्या अंगातून वारं गेलं.

एवढ्यावर विश्वास ठेवील ती आई कसली! मुंगीला आजोबांजवळ ठेवून, शेजारी दिराला बसवून ती त्या रस्त्यावर आली. रस्ता मोकळा होताच पाय दाबला. मी गेलो, सरळ पलीकडे. ती वळली, परत ओलांडला. पुन्हा वळली.

"वहिनी, पुरे आता, मला गरगरतंय!"

"शेवटचं."

ते शेवटचं काही शेवटचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुंगी मागच्या सीटवर बसली तेव्हा कुठे त्या घराने श्वास सोडला.

मित्रांनो, कुणी अडखळलं की आपल्या मनाचं काहीतरी त्याच्या घशात कोंबू नका. सोसायचं त्याला, समाधान तुमचं! झाकण उघडा, आत काय चिकटलंय ते बघा. वहिनी अजूनही काच खाली करून माझा आवाज ऐकते. माझ्यावर अजून पुरता भरवसा नाही तिचा. नसू दे. माझ्या मागच्या सीटवर तिचा जीव बसलेला असतो.